कार्ड पुन्हा लिहू नका, आधी बोर्डाला बोलतं करा

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आला आहे. विचारणारे डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहेत. सिनिअरकडून जुना बीगलबोन ब्लॅक, म्हणजे लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर बोर्ड, मिळाला. कपाशीच्या ठिबकसाठी जमिनीतला ओलावा मोजून व्हॉल्व्ह चालू-बंद करायचा प्रोजेक्ट आहे. डेबियन या लिनक्सची नवी इमेज (कार्डावर लिहायची तयार फाईल) मोबाईलच्या हॉटस्पॉटवर उतरवली, कार्डावर लिहिली, कार्ड बोर्डात घातलं, मायक्रो एचडीएमआयने घरचा टीव्ही जोडला. बोर्डावरचा निळा दिवा लागतो, टीव्ही मात्र काळाच. पुन्हा पुन्हा कार्ड लिहून झालं, रोजचा डेटाही संपला. आता विचारतात, 'बोर्ड खराब समजू, की दुसरी इमेज उतरवू?'

भाऊ, दोन्ही करू नका. इमेज चांगली की वाईट हा पुढचा प्रश्न आहे. खरी अडचण ही की बोर्ड कुठवर येऊन अडकतोय हे तुम्हाला दिसत नाहीये. टीव्हीवर काही दिसायला बोर्डाला जवळजवळ सगळा प्रवास पार करावा लागतो. म्हणून काळ्या टीव्हीवरून एवढंच कळतं की शेवटपर्यंत काही पोचलं नाही. कधी कधी तर पोचलेलं असतं आणि टीव्हीच दाखवत नाही. मोटर पाणी फेकत नाही म्हणून आपण थेट नवी मोटर आणत नाही. आधी फूटव्हॉल्व्ह पाहतो, मग स्टार्टर, मग केबल. इथेही तसंच एकेक टप्पा पाहायचा.

मी हिंगणघाटच्या बाजूला राहतो. जिनिंगची गोदामं आणि संत्र्याच्या बागा, दोन्हीकडे नोंद ठेवणारी यंत्रं बसवायचं काम करतो. त्यातली बरीच अशाच लिनक्स बोर्डांवर चालतात. नवा बोर्ड हातात आला की मी टीव्ही जोडतच नाही. पहिली जोडतो ती सिरियल केबल, बोर्ड सुरू होताना जे सांगतो ते लॅपटॉपवर अक्षरांत दाखवणारी.

पण त्याआधी फुकटात मिळणारी माहिती घ्या. बीगलबोन ब्लॅकवर इथरनेटच्या सॉकेटजवळ चार छोटे निळे दिवे ओळीने आहेत, यूएसआर० ते यूएसआर३. पहिला दिवा हृदयाच्या ठोक्यासारखा दोनदा लुकलुकून थांबत असेल, तर लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, चालू आहे. दुसरा एसडी कार्डावर वाचन-लेखन झालं की चमकतो, तिसरा प्रोसेसर कामात असला की, आणि चौथा बोर्डावरच्या ईएमएमसी मेमरीच्या हालचालीवर. तुम्ही लिहिलेला निळा दिवा बहुधा पॉवरचा आहे. त्यावरून फक्त वीज पोचते एवढंच कळतं. ओळीतले चार काय करतात ते सांगितलेलं नाही, आणि मला तेच हवं आहे. ठोका पडत असेल तर बोर्ड सुरू झालेला आहे आणि टीव्ही, केबल किंवा इमेजचा प्रकार एवढाच घोळ आहे. आयओटी नावाच्या इमेजमध्ये डेस्कटॉप नसतोच, फार तर काळ्या पडद्यावर लॉगिनची एक ओळ येते. तुमच्या कामाला तीच इमेज बरोबर आहे. व्हॉल्व्ह उघडायला डेस्कटॉप कशाला हवा? शिवाय डेस्कटॉपवाली इमेज उतरवायला जास्त डेटा जातो.

आता वीज. आपल्याकडे ही बाब सगळ्यात आधी तपासायची. गावठाणाची लाईट आणि शेतीची लाईट वेगळ्या फीडरवर असली तरी डीपीवर ताण आला की व्होल्टेज पडतं, आणि स्वस्तातला मोबाईल चार्जर अशा वेळी पाच व्होल्ट टिकवत नाही. त्यात यूएसबी केबल लांब आणि बारीक असेल तर वाटेत आणखी पडतं. बोर्ड सुरू होतो, रॅम आणि कार्ड एकदम वीज मागतात, आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, इमेज खराब. पहिल्या बूटसाठी, म्हणजे पहिल्यांदा सुरू करताना, बोर्ड लॅपटॉपच्या यूएसबीवर किंवा चांगल्या पॉवर बँकेवर लावा. बाकी काही जोडलेलं नसेल तर हा बोर्ड लॅपटॉपच्या पोर्टवर सुरू होतो, आणि मधेच लाईट गेली तरी तुमचं काम थांबत नाही.

गोल पिनचा अडॅप्टर वापरणार असाल तर त्यावरचं लेबल वाचल्याशिवाय खुपसू नका. बोर्डाला ५ व्होल्ट लागतात, मधली पिन पॉझिटिव्ह. घरात पडलेले सेट-टॉप बॉक्सचे आणि राउटरचे अडॅप्टर बहुतेक १२ व्होल्टचे असतात आणि त्यांची पिन यात अगदी नीट बसते. बसते म्हणूनच धोका आहे.

आता सिरियल केबल. यूएसबी ते टीटीएल सिरियल मॉड्यूल घ्या. सीपी२१०२ किंवा सीएच३४० चिपवालं चालेल. नागपुरात सीताबर्डीला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं, ऑनलाइनही येतं, आणि इमेज उतरवण्यात जो डेटा गेला त्यापुढे किंमत फार नाही. मॉड्यूलवर ३.३ आणि ५ व्होल्टचा जंपर असेल तर तो ३.३ वर हवा. जुन्या कॉम्प्युटरच्या नऊ पिनी सिरियल पोर्टला बोर्ड थेट जोडू नका. तिथलं व्होल्टेज फार जास्त असतं, बोर्डाची पिन जळते.

बोर्डाच्या कडेला जे१ नावाचा सहा पिनांचा हेडर आहे, पहिल्या पिनेजवळ पांढरा ठिपका असतो. फक्त तीन वायर लावायच्या. ग्राउंड पिन १ ला. मॉड्यूलचा टीएक्स (बोलायची पिन) बोर्डाच्या पिन ४ ला, कारण ती बोर्डाची ऐकायची पिन. मॉड्यूलचा आरएक्स (ऐकायची पिन) बोर्डाच्या पिन ५ ला, कारण तिथून बोर्ड बोलतो. म्हणजे टीएक्स-आरएक्स उलटसुलट जातात, सरळ नाही. मॉड्यूलची पॉवरची वायर मोकळी सोडा, तिचं इथे काही काम नाही. विंडोजवर पुट्टी हा प्रोग्रॅम उघडा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारा कॉम पोर्ट निवडा, वेग ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, आणि फ्लो कंट्रोल 'नन' करा. हे शेवटचं विसरलं की अक्षरं दिसतात पण तुम्ही टाईप केलेलं बोर्डाला पोचत नाही, आणि माणूस तासभर कीबोर्ड बदलत बसतो. लिनक्सवर मिनीकॉम किंवा स्क्रीन वापरा, तुमचा युजर डायलआउट गटात असला पाहिजे.

या प्रोग्रॅमची खिडकी उघडी ठेवून मगच बोर्डाला वीज द्या. आधी वीज देऊन मग खिडकी उघडली तर सुरुवातीच्या ज्या ओळी हव्यात त्याच निसटतात.

येणाऱ्या ओळींचा अर्थ लावायचा तर बोर्ड कसा सुरू होतो ते थोडं समजून घ्यावं लागेल. प्रोसेसरच्या आत कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम आहे, रॉम कोड. तो कुणाच्याने पुसला जात नाही, म्हणून चुकीच्या इमेजने बोर्ड कायमचा मरत नाही. या रॉमला बाहेरची ५१२ एमबी रॅम वापरता येत नाही, कारण ती अजून कुणी चालू केलेली नसते. त्याच्याकडे चिपच्या आतली थोडीशी मेमरी असते. तिथे मावेल असा 'एमएलओ' नावाचा छोटा प्रोग्रॅम तो कार्डावरून किंवा ईएमएमसीवरून उचलतो. एमएलओ रॅम चालू करतो आणि पूर्ण यू-बूट, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम, आणतो. यू-बूट कर्नल आणि डिव्हाइस ट्रीची फाईल (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी) आणतो, कर्नल रूट फाईलसिस्टिम (लिनक्सच्या बाकी फाईली असलेला भाग) जोडतो, आणि तेव्हा कुठे लॉगिन येतं. प्रत्येक टप्पा सिरियलवर आपली खूण सोडतो. शेवटची खूण कोणती ते पाहिलं की शोधायची जागा एकदम लहान होते.

एक अक्षरही आलं नाही, तर बहुतेक वेळा दोष वायरचा असतो. टीएक्स-आरएक्स अदलाबदल करून पाहा, ग्राउंड तपासा, कॉम पोर्ट तपासा. कचरा अक्षरं आली तर वेग चुकला किंवा ग्राउंड ढिलं आहे. थोड्या थोड्या वेळाने इंग्रजी 'सी' अक्षर येत राहिलं, सी सी सी सी असं, तर आनंद माना: रॉम जिवंत आहे, त्याला कुठेच एमएलओ सापडला नाही आणि तो तुम्हाला 'सिरियलवरून तरी पाठव' म्हणतोय. कार्ड नीट लिहिलं गेलं नाही किंवा खाचेत नीट बसलं नाही. 'यू-बूट एसपीएल' अशी ओळ येऊन गाडी थांबली तर एमएलओ चालला पण पुढचं यू-बूट वाचता आलं नाही, तिथे कार्डावर संशय घ्या. 'स्टार्टिंग कर्नल' म्हणून पुढे शांतता असेल तर दोन शक्यता: डिव्हाइस ट्री या बोर्डाची नाही, किंवा कर्नल चालू आहे पण बोलतोय भलत्याच पोर्टवर. जुन्या कर्नलमध्ये या पोर्टचं नाव टीटीवायओ० होतं, त्यात 'ओ' हे अक्षर आणि मग शून्य. नव्यात ते टीटीवायएस० झालं. जुन्या यू-बूटची सेटिंग आणि नवा कर्नल एकत्र आले की हा घोळ होतो. आणि 'कर्नल पॅनिक' येऊन रूट फाईलसिस्टिम जोडता येत नाही असं म्हणत असेल तर कार्डावरचं लिनक्सचं पार्टिशन पाहा.

जुन्या यू-बूटचा विषय निघाला तर माझा अंदाज सांगून टाकतो. हा बोर्ड २०१३ मध्ये आला, तेव्हा ईएमएमसी २ जीबीची होती आणि आत अँगस्ट्रॉम नावाचं लिनक्स यायचं. २०१४ च्या रिव्हिजन सीपासून ती ४ जीबी झाली आणि डेबियन आलं. सिनिअरचा बोर्ड म्हणजे आत केव्हाचं तरी जुनं काहीतरी बसलेलं असणार. आता गंमत पाहा. काही न दाबता वीज दिली तर रॉम आधी ईएमएमसी पाहतो आणि नंतर एसडी कार्ड. ईएमएमसीवर जुना एमएलओ सापडला की तो तिथेच थांबतो. मग ते जुनं यू-बूट तुमच्या कार्डावरची नवी इमेज उचलायला जातं. त्याला नव्या इमेजची मांडणी कळत नाही आणि गाडी अर्ध्यात अडकते. कार्ड कितीही वेळा नव्याने लिहा, चुकीचं यू-बूट बोर्डातच बसलेलं आहे, ते काही बदलत नाही.

म्हणून हे करा. बोर्डाची वीज पूर्ण काढा. कार्डाची खाच बोर्डाच्या खालच्या बाजूला आहे, तिच्या वरच एस२ नावाचं बटण आहे. ते दाबून धरा, दाबलेलं असतानाच वीज द्या, आणि चार दिवे लागले की सोडा. आता रॉम ईएमएमसी सोडून एसडी कार्डाकडे जातो. बटण दाबून नुसतं रिसेट करणं चालत नाही. कुठून बूट करायचं हे बोर्ड फक्त वीज आल्याच्या क्षणी वाचतो, रिसेटने तो निर्णय बदलत नाही. 'बटण दाबून पाहिलं, काही झालं नाही' म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा केबल काढलेलीच नसते.

याच कारणाने पहिल्या बूटला हेडरवर सेन्सर, रिले, काहीही लावू नका. पी८ हेडरच्या ३१ ते ४६ या पिना त्याच क्षणी बूटचा क्रम ठरवायला वापरल्या जातात. तिथे एखादं रिले मॉड्यूल लटकलेलं असेल तर बोर्ड भलतीकडेच शोधायला जातो. शिवाय बोर्ड बंद असताना बाहेरून कुठल्याही पिनेवर व्होल्टेज दिलं तर प्रोसेसर खराब होऊ शकतो.

कार्डाबद्दल थोडक्यात. इमेजची फाईल कार्डावर कॉपी-पेस्ट करून चालत नाही, बॅलेना एचरसारख्या प्रोग्रॅमने लिहावी लागते. लिहून झाल्यावर विंडोज विचारतं, 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?' तिथे 'कॅन्सल'. लिनक्सचं पार्टिशन त्याला वाचता येत नाही म्हणून तो विचारतो, आणि 'हो' म्हटलं की सगळी मेहनत गेली. तुम्ही इतक्यांदा कार्ड लिहिलंय की एखाद्या वेळी हे झालेलं असू शकतं. हॉटस्पॉटवर उतरवलेली फाईल अर्धवट नाही ना हेही पाहा: इमेजच्या पानावर एसएचए२५६ नावाचा लांब आकडा दिलेला असतो, विंडोजच्या सर्टयुटिल कमांडने तो तुमच्या फाईलचा काढा आणि जुळवा. जुळला तर पुन्हा उतरवायचं कारणच उरत नाही. नाही जुळला तर डब्ल्यूगेट या कमांडला 'सी' पर्याय देऊन उतरवा, मधे नेटवर्क गेलं तरी पुढून सुरू होतं. आणि बाजारातल्या अनोळखी स्वस्त कार्डावर ६४ जीबी छापलेलं असलं तरी आत तेवढी जागा असेलच असं नाही. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३, यांनी एकदा तपासा. तुमच्या कामाला नावाजलेल्या कंपनीचं ८ किंवा १६ जीबीचं कार्ड पुरे.

हे सगळं बीगलबोन ब्लॅकबद्दल झालं. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे रास्पबेरी पाय असेल तर विचार तोच, तपशील वेगळे. तिथे सिरियल ४० पिनांच्या हेडरवर आहे, ६ ग्राउंड, ८ वर बोर्ड बोलतो, १० वर ऐकतो, आणि बहुतेक मॉडेलवर कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये 'इनेबल_युआर्ट=१' ही ओळ लागते. २०२२ च्या एप्रिलपासून त्यांच्या इमेजमध्ये 'पाय' हा तयार युजर मिळत नाही, कार्ड लिहिताना किंवा पहिल्यांदा सुरू करताना नाव आणि पासवर्ड आपणच ठरवावा लागतो. जुने व्हिडिओ पाहून लॉगिन करणारे इथेच अडकतात. ऑरेंज पायसारख्या बोर्डांना त्या नेमक्या मॉडेलचीच इमेज लागते, 'जवळपासचं मॉडेल' चालत नाही.

आज रात्रीचा क्रम म्हणजे असा: हेडर रिकामे करा, लॅपटॉपवरून वीज घ्या, एस२ दाबून सुरू करा, चार दिवे पाहा. ठोका पडला तर सिरियल मॉड्यूलची वाट पाहायचीही गरज नाही. त्याच यूएसबी केबलवरून बोर्ड नेटवर्कसारखा दिसतो, १९२.१६८.७.२ या पत्त्यावर एसएसएच करा, म्हणजे लॅपटॉपवरूनच बोर्डात लॉगिन करा. बऱ्याच डेबियन इमेजमध्ये युजर 'डेबियन' आणि पासवर्ड 'टेम्पपीडब्ल्यूडी' असतो. काही नव्या इमेजमध्ये कार्डाच्या बूट पार्टिशनवरच्या सिसकॉन्फ.टीएक्सटी फाईलमध्ये तो आधी लिहून द्यावा लागतो. ठोका पडला नाही तर मॉड्यूल आल्यावर सिरियलवरच्या शेवटच्या वीसेक ओळी जशाच्या तशा इथे टाका, मोबाईलने काढलेला फोटो नको.

बूट झालं की लगेच नवी इमेज ईएमएमसीवर चढवायची घाई करू नका. आधी सिनिअरला विचारा, आत त्यांचं काही काम तर नाही ना. मग एसडीवरूनच चालू ठेवायचं असेल तर ईएमएमसीचे सुरुवातीचे काही एमबी शून्याने पुसा, म्हणजे जुना एमएलओ जाईल आणि दर वेळी बटण दाबावं लागणार नाही. एलएसबीएलके या कमांडने आधी आकार पाहून खात्री करा की तुम्ही ईएमएमसीच पुसताय. बहुतेक नव्या कर्नलमध्ये ती एमएमसीबीएलके१ असते, पण नावावर नाही, आकारावर विश्वास ठेवा. शेतात ठेवायचं असेल तर मी ईएमएमसीवर चढवणंच पसंत करतो, कारण धूळ आणि उन्हाने खाचेतलं कार्ड त्रास देतं. चढवताना चारही दिवे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळतात. ते थांबेपर्यंत वीज जाता कामा नये, म्हणून हे काम भिंतीवरच्या प्लगवर न करता पॉवर बँकेवर करा. एरवीही बोर्ड बंद करताना पॉवरऑफ कमांड द्या किंवा पॉवरचं बटण एकदा दाबा, मगच केबल काढा.

दोन गोष्टी तुम्हाला पुढच्याच आठवड्यात भेटणार आहेत. पहिली, घड्याळ. या बोर्डाला घड्याळाची बॅटरी नाही. लाईट जाऊन आली आणि इंटरनेट नसलं की तारीख मागे जाते. मग पॅकेज बसवताना सर्टिफिकेट चुकीचं असल्याची तक्रार येते आणि माणूस नेटवर्क तपासत बसतो, चुकलेली असते फक्त तारीख. शेतात नोंदी ठेवायच्या तर डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल पी९ च्या १९ आणि २० या पिनांवर लावा. त्याला ३.३ व्होल्ट द्या.

दुसरी, ओलाव्याचा सेन्सर. बीगलबोनच्या अ‍ॅनालॉग पिना जास्तीत जास्त १.८ व्होल्ट सहन करतात. बाजारातले बहुतेक सेन्सर अर्डुइनोसाठी बनवलेले असतात आणि त्याहून जास्त देतात. सेन्सरला ३.३ व्होल्टवर चालवा आणि त्याचं आउटपुट १० किलोओहमच्या दोन सारख्या रेझिस्टरमधून अर्धं करून घ्या, म्हणजे ३.३ चे १.६५ होतात. पिनेला लावण्याआधी मल्टिमीटरने मोजा, सेन्सर कोरडा असताना आणि पाण्यात बुडवलेला असताना, दोन्ही वेळा.